गोड स्थळाची चौकशी

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लग्नातल्या फसवणुकीचा हिशेब दोन वाक्यांत मांडला आहे. मुलीचा दोष न सांगता तिला देणाऱ्याला ९६ पण दंड, शिवाय घेतलेलं शुल्क आणि स्त्रीधन परत करायचं. आणि वराने स्वतःचा दोष लपवून मुलगी करून घेतली, तर दंड दुप्पट; त्याने दिलेलं शुल्क आणि स्त्रीधनही बुडालं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या ग्रंथात दोष कोणाचा, याबद्दल शंका ठेवलेली नाही. जो लपवतो तो दोषी, आणि लपवणारा नवरदेव असेल तर तो दुप्पट दोषी.

आज एखादी मुलगी अशा लग्नात फसली तर घरात, शेजारात, कधी पोलीस ठाण्यातही पहिला प्रश्न तिलाच येतो: "तुला आधी कळलं कसं नाही?" लपवणाऱ्याचा दोष बघता बघता न ओळखणारीच्या पदरात पडतो. हे कसं झालं, ते समजायचं असेल तर आपल्याकडच्या एका जुन्या रिवाजाचा इतिहास पाहावा लागतो. तो रिवाज म्हणजे स्थळाची चौकशी. माणूस वरून एक आणि आतून दुसरा असू शकतो, हे आपल्या समाजाला कायम ठाऊक होतं. त्यावरचा उपाय म्हणून ही चौकशी जन्माला आली. ती कोणी करायची, कशाची करायची आणि ती चुकली तर भोगायचं कोणी, याची उत्तरं मात्र काळागणिक बदलली. गोड बोलणाऱ्या माणसाने त्या प्रत्येक काळात आपली वाट शोधली.

धर्मशास्त्रकारांनी वराची परीक्षा घ्यायला सांगितली होती. याज्ञवल्क्यस्मृतीत वराच्या अपेक्षित गुणांची यादी आहे: तो तरुण असावा, बुद्धिमान असावा, लोकांना प्रिय असावा, आणि त्याच्या पुरुषत्वाची काळजीपूर्वक परीक्षा झालेली असावी. यातली लोकप्रियतेची अट विचार करण्यासारखी आहे. चारचौघांना आवडणारा माणूस बायकोशीही चांगला वागेल, हे गृहीतक त्या अटीत आहे. पुढे शेकडो वर्षं आपण त्याच गृहीतकावर लेकी दिल्या. घराबाहेर सगळ्यांचा लाडका असणारा आणि दार बंद झालं की बदलणारा माणूस या परीक्षेत पहिल्या झटक्यात उत्तीर्ण होतो.

परीक्षा आली की ती चुकवण्याची विद्याही येते. वात्स्यायनाच्या कामसूत्रात मुलगी मागायला जाण्याच्या प्रकरणात वराच्या मित्रांना कामं वाटून दिली आहेत. त्यांनी मुलीच्या आईबापांपुढे दुसऱ्या स्थळांचे दोष रंगवून सांगायचे आणि आपल्या मित्राचे गुण वाढवून सांगायचे. एकाने तर ज्योतिषाचा वेष घेऊन जायचं आणि शकुन, ग्रह, लक्षणं दाखवून या मुलाचं भविष्य किती उज्ज्वल आहे, ते मुलीच्या घरच्यांना पटवायचं. म्हणजे वरपक्षाचा देखावा ही त्या काळीही एकट्याची करामत नव्हती. त्यामागे माणसं उभी होती, आणि मुलीच्या घरचे कशाला भुलतात याचा अभ्यास होता. फसवणुकीच्या इतिहासात ही बाब पुन्हा पुन्हा भेटते. एकटा माणूस क्वचित फसवतो. त्याच्यासाठी शब्द टाकणारे, हो ला हो म्हणणारे आणि कळूनही गप्प बसणारे आजूबाजूला असतात.

ज्योतिषाला पुढे या व्यवहारात कायमची जागा मिळाली. पत्रिका जुळवताना ३६ गुण मोजतात. वर्णाचा एक, वश्याचे दोन, तारेचे तीन, योनीचे चार, ग्रहमैत्रीचे पाच, गणाचे सहा, भकूटाचे सात आणि नाडीचे आठ. या आठही बाबी दोघांच्या जन्मवेळच्या चंद्रावरून, म्हणजे जन्मनक्षत्र आणि राशीवरून ठरतात. जन्मानंतर त्या माणसाने काय केलं, कोणाशी कसा वागला, राग आल्यावर त्याचा हात कुठे जातो, यासाठी ३६ पैकी एकही गुण ठेवलेला नाही. तरीही "छत्तीस गुण जुळले" एवढ्या आधारावर अनेक घरांनी पुढची विचारपूस सोडून दिली.

विचारपूस अगदीच होत नव्हती, असं मात्र नाही. गावगाड्यात सोयरीक होई ती दहा-वीस कोसांच्या आत. मध्यस्थ दोन्ही घरांच्या ओळखीचा असे, दोन्हीकडे त्याचा शब्द गुंतलेला असे. मामा, आत्या, आधीच त्या गावी दिलेली एखादी बहीण, बाजारचा व्यापारी, कोणी ना कोणी त्या घरचं पाणी प्यालेलं असे. मुलगा पितो का, भांडकुदळ आहे का, हे अशा वाटांनी कळे. त्या चौकशीला मर्यादाही होत्या. जात, गोत, जमीन, विहीर, घरची बैलजोडी यांची खडान्‌खडा माहिती निघे. मुलगा बायकोला कसं वागवेल, हा प्रश्न विचारणंच अशिष्ट मानलं जाई. बापाने घरदार पाहिलं, शेतीवाडी पाहिली, पण जिच्याशी जन्म काढायचा त्या माणसाला पाहिलंच नाही, ही व्यथा जात्यावरच्या ओव्यांत बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या मांडली. चौकशीवरची ती सगळ्यात जुनी टीका आहे. जिला बोलायची सोय दुसरीकडे कुठेच नव्हती, तिने ती पहाटे दळताना केली.

मराठी इतिहासातली सगळ्यात मोठी ओळखपरेडही एका नवऱ्याचीच होती. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते मान्य केलं नाही. त्या सौभाग्यचिन्हं ठेवून जगल्या. काही वर्षांनी आपणच भाऊ आहोत, असं सांगणारा एक माणूस उत्तरेतून आला. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत त्याला पकडलं, भाऊंना ओळखणाऱ्यांकडून पारखून घेतलं, तोतया ठरवलं आणि किल्ल्यावर कैदेत टाकलं. १७७६ साली तो रत्नागिरीहून मोकळा झाला, कोकणातले किल्ले घेत सुटला, आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्त शासन झालं. न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं. या प्रकरणात राज्याने साक्षी काढल्या, ओळख पटवली, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, कारण प्रश्न गादीचा होता. ज्या साध्या बाईचा फक्त संसार पणाला लागलेला असे, तिच्यासाठी असा पाठपुरावा करणारं कोणी नव्हतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दहा-वीस कोसांचं ते रिंगण मोडलं. १८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली, त्या सुमारास मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहू लागली, आणि कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरून तरुण मुंबईकडे निघाले. बायको गावी, नवरा गाळ्यात किंवा चाळीतल्या सामाईक खोलीत. त्यातल्या बहुतेकांनी राबून घरी पैसे पाठवले आणि मनीऑर्डरीवर गावं जगवली. पण याच शहराने प्रथमच अशी सोय दिली की माणसाचा पूर्वेतिहास कोणाला ठाऊक नसावा. गावी एक घर आणि मुंबईत दुसरं, हे वर्षानुवर्षं चालू शकत होतं. शहरात माणूस स्वतःबद्दल जे सांगेल तेच त्याचं चरित्र ठरू लागलं. मध्यस्थाचा शब्द तिथवर पोचत नव्हता आणि त्याची जागा घेईल असं दुसरं काही अजून तयार झालं नव्हतं.

याच काळात, दोष नेमका कोणाचा, हा प्रश्न एका बाईने जाहीरपणे, नाव घालून विचारला. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल १८८१ साली शिक्षा झाली. वर्तमानपत्रांनी बायकांच्या दुराचारावर रकाने भरले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून त्याला उत्तर दिलं. कपट, साहस, अविचार हे जे दोष शास्त्रं आणि काव्यं बायकांच्या माथी मारतात ते एकेक करून हातात घ्यायचे आणि तेच पुरुषांत कसे आहेत हे दाखवायचं, असा त्या पुस्तकाचा रोख आहे. गोड बोलून बाईला वाटेवरून काढणारा पुरुष नंतर नामानिराळा राहतो, आणि पोटात वाढणारा पुरावा फक्त तिच्याजवळ उरतो, हे त्यांनी समाजाच्या तोंडावर सांगितलं. फसवणुकीच्या गोष्टीत फसवणाऱ्याकडे बोट दाखवणारं इतकं थेट लिखाण त्याआधी मराठीत नव्हतं. ताराबाईंवर टीका झाली आणि त्यांनी पुन्हा पुस्तक लिहिलं नाही.

दोनच वर्षांनी मुंबई उच्च न्यायालयात रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिलं होतं. दादाजीने शिकावं, सुधारावं असं ठरलं होतं. रखमाबाईंच्या म्हणण्याप्रमाणे तो शिक्षण सोडून बसला आणि ज्या नातेवाइकाच्या घरी राहिला तिथलं वातावरण त्यांना मान्य नव्हतं. १८८४ साली दादाजीने बायको ताब्यात मिळावी म्हणून दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला आणि १८८७ साली नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. तुरुंगात जाईन, असं रखमाबाईंनी सांगितलं. १८८८ साली दादाजीला दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं. रखमाबाई लंडनला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी आयुष्यभर बायकांची सेवा केली. आपल्या विषयाच्या दृष्टीने या खटल्याचं महत्त्व असं की, माणसाचा स्वभाव कळल्यावर त्याला नकार देण्याचा अधिकार बाईला आहे का, हा प्रश्न थेट न्यायासनापुढे आला. त्याआधीची सगळी चौकशी लग्नाच्या दिवशी संपत असे.

मराठी रंगभूमीने हा विषय तिथूनच उचलला. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ साली रंगमंचावर आलं. जख्ख म्हातारा भुजंगनाथ, पैशाला भुललेला बाप कांचनभट आणि या दोघांमधला दलाल भद्रेश्वर दीक्षित. इथे म्हाताऱ्याचं वय कोणापासून लपलेलं नाही. तरीही व्यवहार ठरतो, कारण बापाने चौकशी केली ती थैलीची. लग्न मोडतं तेही गोत्राच्या मुद्द्यावर. मुलीचा आक्रोश त्यासाठी पुरेसा नव्हता, गोत्राची अडचण पुरेशी ठरली; देवलांनी आपल्या समाजाचं याहून अचूक निदान क्वचितच केलं असेल.

मुली शिकू लागल्या, नोकऱ्या करू लागल्या आणि फसवणुकीची जागा बदलली. आता गोड बोलणारा माणूस बापाला भेटायला येत नव्हता. तो मुलीलाच कॉलेजात, कचेरीत, सभासंमेलनात भेटत होता. विभावरी शिरूरकर या नावाने मालतीबाई बेडेकरांनी १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध केलं आणि शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींची घुसमट मांडली. पुस्तकावर गदारोळ उठला, आणि त्यातला मोठा भाग ही बाई कोण, हे शोधण्यात गेला. तेव्हा हिंदू पुरुषाला एक बायको असताना दुसरी करायला कायद्याची आडकाठी नव्हती. लग्न झालेला माणूस एखाद्या मुलीला वचन देत होता, तेव्हा तो कायद्याने गुन्हेगार ठरत नव्हता. मुंबई प्रांतात ही मोकळीक १९४६ च्या द्विभार्या प्रतिबंधक कायद्याने संपली आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने देशभर. पहिलं लग्न लपवणं हा आता खऱ्या अर्थाने गुन्हा झाला.

गुन्हा झाला, म्हणून त्याचा खटला झाला, आणि खटला झाला म्हणून मराठीतलं या विषयावरचं सगळ्यात गाजलेलं नाटक झालं. वेगवेगळी नावं आणि हुद्दे सांगून अनेक बायकांशी लग्न करणाऱ्या एका माणसाचा 'काझी खटला' पन्नाशीच्या दशकात गाजला. त्यावरून आचार्य अत्र्यांनी 'तो मी नव्हेच' लिहिलं. मो. ग. रांगणेकरांनी ते बसवलं, त्यासाठी फिरता रंगमंच आणला, आणि ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत पहिला प्रयोग झाला. प्रभाकर पणशीकर एकाच नाटकात पाच रूपांत उभे राहत: आरोपी असलेला निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे, आणि त्याची सोंगं म्हणजे दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, दाजीशास्त्री दातार आणि राधेश्याम महाराज.

या रूपांकडे चौकशीच्या बाजूने पाहिलं की नाटक वेगळं दिसतं. सरकारी बडा अधिकारी, फौजेतला कॅप्टन, धर्मनिष्ठ शास्त्री, भक्तांचा महाराज: त्या काळचा मराठी मध्यमवर्ग ज्या ज्या गोष्टीपुढे मान तुकवत होता, त्या प्रत्येक गोष्टीचं एकेक रूप लखोबाने घेतलं आहे. त्याने माणसांची मनं जिंकली त्याआधी त्यांचे आदर ओळखले होते. हुद्दा ऐकला की लोक कागद मागत नाहीत, गणवेष दिसला की पत्ता विचारत नाहीत, गंध लावलेल्या कपाळावर शंका घेणं पाप समजतात. "आम्हाला काही नको, मुलगी आणि नारळ द्या," असं म्हणणाऱ्या स्थळापुढे तर हुंड्याच्या ओझ्याने वाकलेला बाप हात जोडूनच उभा राहतो. अशा देवमाणसाची चौकशी करायची म्हणजे त्याला कृतघ्नपणा वाटतो. फसवणाऱ्याची बुद्धी अफाट होती, असं आपण नंतर म्हणतो. खरं पाहिलं तर आपण कुठे डोळे मिटतो, एवढंच त्याला माहीत असतं.

नाटकाचे हजारो प्रयोग झाले. लखोबाचं नाव आजही घरोघरी ठाऊक आहे, त्याचे संवाद लोक पाठ म्हणतात. त्याने फसवलेल्या बायकांची नावं मात्र सांगायला घेतली तर नाटकवेडा माणूसही अडखळतो. अत्र्यांनी त्या बायकांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं, त्यांना बोलतं केलं. टाळ्या मात्र त्यांना उलटतपासणीत गुंडाळणाऱ्याला मिळाल्या. याचं मला वाईट वाटतं. फसवणाऱ्याच्या हुशारीचं कौतुक आणि फसलेलीच्या भोळेपणाची कीव, या दोन भावना एकत्रच वाढतात, आणि खऱ्या आयुष्यातली बाई तक्रार करायला घाबरते त्याचं एक मोठं कारण त्यांच्यात आहे.

कायद्याच्या पळवाटाही याच काळात उघड झाल्या. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली म्हटलं की, दुसरं लग्न गुन्हा ठरायला ते विधिपूर्वक लागलेलं असलं पाहिजे. होम आणि सप्तपदी झाल्याचं सिद्ध होत नसेल तर द्विभार्येचा गुन्हा सिद्ध होत नाही. पहिल्या लग्नाची बायको हयात असलेला आरोपी सुटला. म्हणजे ज्याने देवळात घाईघाईने हार घालून उरकलं, तो सुरक्षित. आणि ते लग्न खरं समजून नांदायला आलेली बाई उघड्यावर. लग्नात फसवणूक झाली म्हणून ते रद्द करून मागण्याची तरतूद १९५५ पासून होती, पण न्यायालयं तिचा अर्थ फार आवळून घेत. १९७६ च्या दुरुस्तीने पहिल्यांदा स्पष्ट केलं की जोडीदाराबद्दलची कोणतीही महत्त्वाची वस्तुस्थिती लपवणं हीसुद्धा फसवणूक आहे. त्याला एक अट आहे, आणि ती प्रत्येक घरात माहीत असायला हवी: फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यानंतर राजीखुशीने एकत्र राहिलं तर तो हक्क जातो. "थोडं सांभाळून घे, सुधारेल," असं सांगत माहेरचे ते वर्ष घालवतात.

इथवरची सगळी फसवणूक नावाची, वयाची, लग्नाची, पगाराची होती. कागद दाखवून सिद्ध करता येणारी. स्वभाव लपवण्याला कायद्याकडे आणि समाजाकडे नाव यायला आणखी वेळ लागला. लंडनमध्ये १९३८ साली पॅट्रिक हॅमिल्टनचं 'गॅस लाइट' हे नाटक आलं. त्यातला नवरा सभ्य, काळजीवाहू आहे, आणि बायकोला पद्धतशीरपणे पटवत जातो की तिला वेड लागतंय. मनोविकारांच्या अभ्यासात हर्वी क्लेक्ली या अमेरिकी डॉक्टरने १९४१ साली 'द मास्क ऑफ सॅनिटी' लिहिलं. सद्सद्विवेक नसलेल्या माणसांच्या लक्षणांची जी यादी त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत स्थिरावली, तिच्यात सगळ्यात वर आहे ती वरवरची मोहकता आणि चांगली बुद्धी. प्रत्येक गोड बोलणारा माणूस असा नसतो, आणि बायकोला छळणारा प्रत्येक नवरा मनोरुग्णही नसतो. बरेचसे केवळ आपल्याला कोणी जाब विचारणार नाही, या खात्रीवर वागतात. आपल्याकडे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने मारहाणीबरोबर अपमान, धमकी, पैशाची कोंडी यांनाही हिंसा म्हटलं, आणि लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईलाही संरक्षण दिलं. रखमाबाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला कायद्याला सव्वाशे वर्षं लागली.

दरम्यान मध्यस्थाची जागा आधी वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींनी, मग वधूवर सूचक मंडळांनी आणि पुढे संकेतस्थळांनी घेतली. महाराष्ट्राने १९९८ साली विवाह मंडळांच्या नियमनाचा आणि विवाह नोंदणीचा कायदा केला. केंद्र सरकारने २०१६ साली विवाहविषयक संकेतस्थळांसाठी सूचना काढल्या: सदस्याच्या ओळखीची कागदपत्रं घ्या, त्याची नोंद ठेवा. तरी या सगळ्या यंत्रणेत एक मूलभूत फरक राहिला. मध्यस्थाचा शब्द खोटा ठरला तर त्याची गावात नाचक्की होई. संकेतस्थळावर माणूस स्वतःच स्वतःचा मध्यस्थ असतो. परदेशातला डॉक्टर किंवा इंजिनीअर असल्याचं सांगणारा, महिनोन्‌महिने रोज सकाळी विचारपूस करणारा, मग एक दिवस महागडी भेट पाठवल्याचं कळवणारा; आणि पाठोपाठ विमानतळावरून सीमाशुल्क भरा म्हणून येणारा फोन. या सापळ्यात शिकलेल्या, वरच्या पदावरच्या, घटस्फोटित, विधवा बायका अडकल्या आहेत आणि पुरुषही अडकले आहेत. एकटेपणात कोणी रोज आपुलकीने विचारलं तर ते खरं वाटणं हा मूर्खपणा नाही. पैसे गेल्याचं लक्षात येताच १९३० या क्रमांकावर कळवलं तर ते वाटेतच अडवले जाण्याची शक्यता असते. लाजेपोटी दवडलेला प्रत्येक तास चोराच्या कामी येतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ ने, लग्न करण्याचा हेतू नसताना तसं वचन देऊन किंवा ओळख लपवून लग्न करून ठेवलेल्या शरीरसंबंधाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली आहे. पूर्वीचं लग्न लपवून दुसरं करण्यालाही दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायदा इथवर आला. चौकशी मात्र अजून जवळपास तिथेच आहे. पगाराची पावती, फ्लॅटचा मजला, व्हिसाचा प्रकार, पत्रिकेतला मंगळ हे आजही आधी विचारलं जातं. हे सगळं जुळवता येतं, उसनं आणता येतं, छापूनही आणता येतं. वागणूक तेवढी फार काळ उसनी आणता येत नाही.

म्हणून विचारायचंच असेल तर वागणुकीबद्दल विचारावं. तो साहेबाशी कसा बोलतो, हे सगळ्यांना दिसतं. हाताखालच्या माणसाशी, घरकाम करणाऱ्या बाईशी, रिक्षावाल्याशी, स्वतःच्या आईशी आणि बहिणीशी कसा बोलतो ते पाहावं. त्याला एखाद्या गोष्टीला ठाम "नाही" म्हणून पाहावं आणि पुढचे चार दिवस तो कसा राहतो त्याकडे लक्ष ठेवावं. आधीचं लग्न मोडलेलं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा वाचावा, आणि शक्य असेल तर त्या पहिल्या बाईचं म्हणणं ऐकावं. तिला आधीच वेडी ठरवून ठेवणाऱ्याकडे दुप्पट लक्ष द्यावं. त्याचे जुने मित्र, जुने सहकारी, जुने शेजारी यांच्यापैकी कोणीच कधी भेटत नसेल तर ते का, हे विचारावं. तो घाई करत असेल, मैत्रिणींपासून, घरच्यांपासून तोडत असेल, गुप्तता मागत असेल किंवा पैसे, तर थांबावं. खऱ्या माणसाचं दोन महिने उशिराने काही बिघडत नाही. आणि लग्न झाल्यावर त्याची नोंदणी करून प्रमाणपत्र आपल्या हातात घ्यावं.

एवढं करूनही फसवणूक होऊ शकते, कारण लपवणारा जाणूनबुजून लपवत असतो आणि विश्वास ठेवल्याशिवाय कोणाचाच संसार उभा राहत नाही. अशी वेळ आपल्या लेकीवर, बहिणीवर, मैत्रिणीवर आली तर तिला आधी का कळलं नाही, हे विचारू नका. तिला घरी आणा, तिचे कागद सांभाळा, तारखा लिहून ठेवा आणि वर्ष उलटायच्या आत तिच्यासोबत वकिलाकडे जा. वकिलाला द्यायला पैसे नसतील तरी अडत नाही: १९८७ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्याचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं.